ठाण्याच्या हवेत टिकणारी लाकडी बारूददाणी

मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, त्या काळी बंदूक नळीच्या तोंडातून ठासून भरावी लागे आणि त्यासाठी लागणारी बारूद कोरडी राखणे हे बंदूकधाऱ्याचे रोजचे काम असे. ती ठेवण्याच्या डब्या, म्हणजे बारूददाण्या, शिंगाच्या, चामड्याच्या, पितळेच्या आणि लाकडाच्याही होत. येथे वर्णन केले आहे ते दोन वाटोळ्या फाळक्या (अर्धे भाग) जोडून केलेल्या, लेथवर कातलेल्या लाकडी दाणीचे. ही दाणी प्रदर्शनासाठी आहे. परवान्याशिवाय बारूद बाळगणे हा गुन्हा असल्यामुळे ती रिकामीच ठेवावी.

लाकूड जुने, मुरलेले सागवान किंवा शिसव घ्यावे. वखारीतून आणलेला तुकडा लगेच लेथवर चढवू नये; तो काही महिने कामाच्या जागीच पडू द्यावा आणि जोडकाम उन्हाळ्यापूर्वीच्या कोरड्या दिवसांत करावे. सुमारे १२० मिलिमीटर व्यासाच्या आणि २२ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकाच फळीतून, शेजारी शेजारी कापाव्यात.

दोन्ही चकत्यांचे रेषे एकाच दिशेला ठेवावेत, ही या कामातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वागळे इस्टेटमधील लहानशा गाळ्यात मी केलेल्या पहिल्या दाणीत नक्षी उठून दिसावी म्हणून रेषे आडवे-उभे ठेवले होते. लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. त्यामुळे जुलैमध्ये एक चकती एकीकडे ताणली गेली, दुसरी दुसरीकडे, आणि कडेला नख शिरेल एवढी फट पडली.

चकती लेथच्या तबकडीवर धरण्यासाठी जुन्या कातारी पद्धतीने मध्ये खाकी कागद घालून ती टाकाऊ फळीला चिकटवावी. काम झाल्यावर पातळ पटाशी कागदाच्या रेषेत हलकेच ठोकली की दोन्ही सुटतात. आधी आतली पोकळी कोरावी. कडेला किमान १० मिलिमीटर लाकूड राखावे आणि बाहेरचा घुमट नंतर उतरवायचा असल्याचे लक्षात ठेवून भिंत कोठेही ६ मिलिमीटरपेक्षा पातळ होऊ देऊ नये. एका फाळकीच्या कडेला २ मिलिमीटरची खाच आणि दुसरीला तेवढीच उठलेली पाळ काढावी. शिसवाची भुकटी श्वासाला व त्वचेला त्रास देते, म्हणून मास्क व चष्मा वापरावा.

जोडण्यापूर्वी आतल्या बाजूला स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे तीन हात द्यावेत, मात्र जोडाच्या कडेवर लाख लागू देऊ नये. आत तेल लावणे चुकीचे, कारण तेलाने बारूद बिघडत असे. पारंपरिक सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांचा गोंद) दमट हवेत मऊ पडतो; आपल्याकडे पाण्याला टिकणारा फर्निचरचा गोंद वापरणे मला अधिक योग्य वाटते. फाळक्या क्लॅम्पमध्ये एक दिवस ठेवाव्यात, मग बाहेरचा घुमट उतरवून त्यावर एककेंद्री वळी काढावीत.

तोंडाची पितळी नळी जोडाच्या रेषेवरच येते, त्यामुळे ती ठोकून बसवल्यास तीच पाचर होऊन जोड उकलते. भोक नळीच्या मापाचे गिरमिटाने पाडावे आणि नळी हाताने फिरवत, चिकटवून बसवावी. लोखंड ठिणगी पाडू शकते, म्हणून दोरी अडकवायच्या कड्याही पितळेच्याच घ्याव्यात. पूर्वी काही दाण्यांच्या नळीला बुडाशी झडप असे; नळीचे तोंड बोटाने दाबून दाणी उलटी करीत, झडप उघडून मिटीत आणि नळीत मावेल तेवढाच एक बार, म्हणजे एका वेळची बारूद, मोजून घेत. आपल्या नळीतून धार नीट पडते की नाही, हे कोरडी मोहरी भरून पाहावे.

लाकडी बूच किंचित निमुळते करावे. पावसाळ्यात ते फुगून थोडे वर राहिले तरी तेव्हा घासू नये; तेव्हा घासलेले बूच जानेवारीत सैल होऊन गळून पडते.