गल्लीच्या तोंडाशी बसणारी चार कुत्री

कोथरूडमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी चार भटकी कुत्री बसलेली असतात आणि माझ्या कुत्र्याला, मोतीला, घेऊन मी बाहेर पडलो की ती भुंकत अंगावर येत, त्यामुळे सकाळचा फेरफटका ही रोजची झुंजच होऊन बसली होती. मी घाबरून साखळी आखडून धरत असे. गळपट्टा आवळला गेला की मोती अधिकच चवताळतो, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले. मग छातीवरून बांधायचा पट्टा आणला, दोरी सैल ठेवली आणि न पळता, त्या कुत्र्यांच्या डोळ्यांत न पाहता, वळसा घालून रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चालू लागलो. खरी गोम त्यांना पोळी घालणाऱ्या कोपऱ्यावरच्या आजींकडून कळली: त्या कुत्र्यांची खाण्याची वेळ साडेसहाची, म्हणजे नेमकी आमच्या निघण्याची होती. (ताटाशी परका आला तर माणूसही गुरगुरतोच.) आम्ही ७ नंतर निघू लागलो. आता त्यांतले तांबूस कुत्रे, ज्याच्या कानाला नसबंदी झाल्याची खूण म्हणून खाच आहे, तो कान तेवढा उचलून पाहते आणि पुन्हा झोपते. उन्हाळ्यात मात्र डांबर फार तापले नाही ना, हे त्यावर हाताची मागची बाजू ५-७ सेकंद टेकवून पाहिल्याशिवाय मी मोतीला रस्त्यावर उतरवत नाही.