एन्ड्युरन्स राइडमध्ये दुसऱ्याच्या घोड्याजवळ कसं वागावं

एन्ड्युरन्स राइड म्हणजे घोड्यावरून लांब पल्ला कापायची स्पर्धा. ती 40 किलोमीटरची असो की कॅलिफोर्नियातल्या टेविस कपसारखी 24 तासांत 160 किलोमीटर कापायची, दिवसभरात तुमचा घोडा कितीतरी अनोळखी घोड्यांना अगदी चिकटून जातो. शेजारचा पळाला की यालाही पळायचं असतं, शेजारचा बुजला की हाही बुजतो. त्यामुळे तुमच्या एका घाईने दुसऱ्याची राइड बिघडू शकते.

सगळ्यात जास्त चुका पाण्यापाशी होतात. टाकीच्या वीसेक मीटर आधीच घोडा चालीवर आणा. तिथे आधीपासून कोणी असेल तर "येऊ का?" विचारा आणि एका घोड्याची जागा मोकळी ठेवून उभे राहा. तुमच्या घोड्याचं पिऊन झालं तरी लगेच निघू नका. तुम्ही निघालात की शेजारचा दोन घोटांवरच मान वर काढून तुमच्या मागे येऊ पाहतो, आणि उन्हात इतकं कमी पाणी प्यायलेला घोडा पुढे पोटदुखीने किंवा स्नायू आखडून अडकू शकतो. "झालं का?" असं विचारून, होकार आल्यावरच निघा. थांबणं शक्यच नसेल तर तसं सांगा, तीस-चाळीस मीटर चालत जा, मग दुडकी धरा.

पिण्याच्या पाण्यात वापरलेला स्पंज बुडवू नये. घोड्याच्या अंगावरचा खारट घाम त्यात उतरतो आणि मागून येणारे घोडे त्या पाण्याला तोंड लावत नाहीत. मगाने पाणी काढून बाजूला ओता. ओढा असेल तर पिणाऱ्या घोड्यांच्या खालच्या अंगाला जाऊन अंग भिजवा. इलेक्ट्रोलाइट, म्हणजे घामावाटे जाणारे क्षार भरून काढायचं औषध, सामायिक टाकीत कधीच टाकू नयेत. ते आपल्या बादलीत किंवा सिरिंजने थेट तोंडात द्यावेत.

वाटेवर पुढच्या घोड्यापासून निदान एका घोड्याएवढं अंतर ठेवा, उतारावर दोन. दोन कानांच्या मधून पुढच्याचे मागचे खूर दिसले पाहिजेत. ते दिसेनासे झाले म्हणजे तुम्ही लाथेच्या टप्प्यात आहात. शेपटीला लाल फीत म्हणजे लाथ मारणारा घोडा. फीत बांधली म्हणून स्वाराची जबाबदारी मात्र संपत नाही. असा घोडा गर्दीच्या मधे घुसवू नये, पाण्यापाशी कडेला धरावा.

पुढे जायचं असेल तर आधी हाक द्या, "डावीकडून येऊ का?", आणि उत्तर येईपर्यंत मागेच राहा. परवानगी मिळाली की चालत किंवा सावकाश दुडकीने जा, पुरेसं अंतर पडल्यावर वाटेत या आणि मगच वेग वाढवा. शेजारून भरधाव गेलात तर मागचा घोडा उधळतो आणि स्वाराला पाच-सहा किलोमीटर त्याच्याशी झगडावं लागतं. टेविसच्या दरीतल्या अरुंद पायवाटांवर तर बाजूला हटायला जागाच नसते. तिथे रुंद जागा मिळेपर्यंत थांबायचं. वाट देणाऱ्याने घोड्याचं तोंड वाटेकडे वळवावं, म्हणजे मागचे पाय जाणाऱ्यांपासून दूर राहतात.

भारतात मारवाडी आणि काठियावाडी घोडे बऱ्याचदा खच्ची न करताच चालवतात, म्हणून इथे जास्त सांभाळायला हवं. असा नर घोडा घोडीच्या मागे किंवा तिच्या वाऱ्याच्या रोखात उभा करू नका. दोन घोड्यांना नाकाला नाक लावू देणं अनेकांना गोड वाटतं, पण पुढच्याच क्षणी किंचाळणं आणि पुढच्या पायाचा फटका ठरलेला. शिवाय सामायिक बादली आणि नाकाचा संपर्क यांतून स्ट्रँगल्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग पसरतो. मोकळ्या वेळेत लांब दोर सोडून चरायला लावू नका. दोर दुसऱ्याच्या पायात अडकतो.

व्हेट गेटवर, म्हणजे वाटेतल्या पशुवैद्यकीय तपासणीच्या थांब्यावर, घोड्याच्या हृदयाचे ठोके ठरलेल्या मर्यादेच्या आत यावे लागतात, आणि ती मर्यादा बऱ्याचदा मिनिटाला 64 च्या आसपास असते. जोडीदार नजरेआड झाला की शांत घोड्याचेही ठोके उसळतात. एकत्र आलेल्या जोडीतल्या एकाची नाडी मोजली जात असेल तर दुसऱ्याने तिथेच थांबावं. दुडकीच्या तपासणीचा पट्टा मोकळा ठेवा, आणि परतीच्या बाजूने कोणी येत असेल तर त्याला आधी जाऊ द्या.