विद्यापीठात विद्यार्थी संघाचे अध्यक्षपद कसे लढवावे?

पोस्टरवर कोणता फोटो लावायचा यावर चर्चा झडण्याआधी विद्यार्थी संघाची घटना आणि निवडणुकीची नियमावली मिळवा आणि सलग वाचून काढा. काम कंटाळवाणे आहे. बहुतेक उमेदवार ते टाळतात, तुम्ही टाळू नका. हजेरीची किंवा गुणांची अट आहे का, विषय राहिलेला असेल तर उभे राहता येते का, शेवटच्या वर्षाला असलेला विद्यार्थी चालतो का, खर्चाची मर्यादा किती, प्रचार कधी थांबवायचा, हे सगळे तिथेच लिहिलेले असते.

अर्ज बाद होतात ते क्षुल्लक कारणांनी. सूचकाचे नाव मतदार यादीत नसते, एकाच विद्यार्थ्याने दोन उमेदवारांना सही दिलेली असते, नाहीतर ओळखपत्राची प्रत जोडायची राहते. सूचक-अनुमोदकांची नावे यादीत स्वतः तपासा, नियमात बसत असेल तर दोन-चार सह्या जास्तीच्या घ्या, आदल्या दिवशीच अर्ज भरा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आकडेमोड

समजा, मतदार 8,000 आहेत आणि गेल्या वेळी 30 टक्के मतदान झाले. म्हणजे पडलेली मते 2,400. तिरंगी लढत झाली तर हजाराच्या आतबाहेर मते घेणारा सहज निवडून येतो. थोडक्यात, सगळ्या विद्यापीठाला जिंकायचे नसते. हजारभर माणसे मतदानाच्या दिवशी केंद्रापर्यंत आली पाहिजेत. विभागवार मतदार किती आणि मागच्या वेळी कुठे किती मतदान झाले, याचा तक्ता करा. ज्या विभागाकडे कुणी फिरकतच नाही तिथे दोन फेऱ्या मारल्या तरी पारडे हलते. संशोधक विद्यार्थी, संध्याकाळच्या तुकड्या, वसतिगृहात न राहणारे, बाहेरगावाहून रोज ये-जा करणारे हे मतदार सगळेच गृहीत धरतात किंवा विसरतात.

मतदानाची पद्धतही बघून घ्या. काही ठिकाणी ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, तर काही ठिकाणी पसंतीक्रम द्यावा लागतो. पसंतीक्रमात पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मते मिळाली नाहीत, तर सगळ्यात मागे असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीनुसार उरलेल्यांत वाटल्या जातात. अशा निवडणुकीत चिखलफेक अंगलट येते, कारण समोरच्याच्या समर्थकांची दुसरी पसंती तुम्हाला हवी असते. ‘पहिली त्याला दे, पण दुसरी मला दे’ असे मागण्यात कमीपणा मुळीच नाही.

जाहीरनाम्याआधी कान

प्रचार सुरू होण्याच्या आधीचे दिवस बोलण्यापेक्षा ऐकण्यात घालवा. ‘तुझ्या काय समस्या आहेत?’ असे विचारलेत तर ‘काही नाही, सगळं ठीक आहे’ हेच उत्तर मिळेल. ‘या आठवड्यात कोणत्या कामासाठी दोनदा खेटे घालावे लागले?’ असे विचारा. मग परीक्षा विभागाची खिडकी, गुणपत्रिकेतली नावाची चूक, प्रयोगशाळेची वेळ, रात्री बंद असलेला दिवा असे सगळे बाहेर येते. वहीत लिहा, शक्यतो त्यांच्याच शब्दांत.

जाहीरनाम्यात तीन-चार मुद्दे पुरे. ‘ग्रंथालयाचा कायापालट करू’ हे वाक्य वाचून कुणी मत देत नाही. ‘परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे वाचनकक्ष रात्री 12 पर्यंत उघडा ठेवण्याचा प्रस्ताव पहिल्याच बैठकीत मांडू’ हे पटते, कारण ते कुणाकडे मागायचे आणि कधी, हे त्यात आहे. शुल्क निम्मे करण्याचे आश्वासन तर देऊच नका. तो निर्णय सहसा अध्यक्षाच्या हातात नसतो. समितीत बसून विरोध नोंदवता येतो आणि संघाचा निधी कुठे जावा यात वाटा असतो, तेवढेच सांगा. वर्षभराने हिशेब विचारणारे तेच मतदार असतात.

माणसे आणि वर्ग

दहा जिवलग मित्र एकाच वर्गातले असतील तर ती टीम नव्हे, कट्टा झाला. प्रत्येक विभागातला एक, प्रत्येक वसतिगृहातला एक असे गडी जोडा. खर्चाची वही एकाच्याच हाती द्या, आणि तो शक्यतो तुम्हाला ‘नाही’ म्हणू शकणारा असावा.

वर्गात जाण्याआधी शिक्षकांची परवानगी घ्या. मिळतो तो जेमतेम एक मिनिट. नाव, एक मुद्दा, मतदानाची तारीख आणि वेळ, एवढ्यात आटपा. बोलून झाल्यावर मात्र दाराबाहेर थांबा, खरे प्रश्न तिथे येतात. एखाद्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल तर ‘उद्या सांगतो’ म्हणा आणि दुसऱ्या दिवशी खरोखर जाऊन सांगा. ही बातमी पोस्टरपेक्षा लवकर पसरते.

समाजमाध्यमांवर छोटे व्हिडिओ ठीक आहेत, पण रोज सकाळी प्रत्येक ग्रुपवर तोच मजकूर टाकाल तर लोक तुम्हाला म्यूट करतील.

मतदान आणि मोजणी

शेवटच्या दिवशी कुणाला पटवत बसू नका. ज्यांनी होकार दिला आहे त्यांना आठवण करा, ओळखपत्र आणायला सांगा आणि दुपारपर्यंत कोण येऊन गेले याचा अंदाज विभागवार घेत राहा. केंद्रापासून किती अंतरावर उभे राहता येते ते आधीच विचारून ठेवा. एका उत्साही कार्यकर्त्याने आत पत्रक वाटले, तर तक्रार तुमच्या नावावर होते.

मतमोजणीला शांत डोक्याचा प्रतिनिधी बसवा. बाद मते कोणत्या कारणाने बाद ठरली हे त्याने तिथेच पाहावे आणि हरकत असेल तर निकाल जाहीर होण्याआधी लेखी द्यावी. फेरमोजणीची मागणी किती वेळात करायची याला बहुधा मुदत असते. निकाल काहीही लागो, पोस्टर उतरवा आणि खर्चाचा हिशेब पावत्यांसह मुदतीत द्या. हिशेब थकल्यामुळे निवड रद्द होण्याची तरतूद काही नियमावल्यांत असते.