गावाला कायमचं जायचं ठरवताय? आधी मे आणि जुलै तिथे काढा

मुंबई-ठाणं सोडून कोकणात कायमचं राहायला जायचं ज्यांच्या मनात आहे त्यांना एकच सांगणं, गणपतीत बघितलेल्या गावावर विसंबून निर्णय घेऊ नका. तेव्हा सगळी घरं उघडी असतात, चाकरमानी आलेले असतात, विहिरी भरलेल्या असतात. आम्ही ४ वर्षांपूर्वी डोंबिवलीहून संगमेश्वर तालुक्यात आलो, आणि आधी एक अख्खा मे आणि एक अख्खा जुलै इथे राहून बघायला हवा होता असं आता फार वाटतं.

मे पाण्यासाठी. ३००० मिमीच्या वर पाऊस पडतो तिथे टँकर कसा येतो हे शहरात बसून कळत नाही, पण जांभ्याच्या जमिनीत पाणी टिकतच नाही, झिरपून उतारावरून नदीला आणि तिथून खाडीला जातं. म्हणून शेजाऱ्यांना विचारा, विहिरीचा तळ कधी दिसायला लागतो, नळाला किती दिवसाआड पाणी येतं, आणि विहीर सामाईक असेल तर पंप लावायला भावकीतून कोणाची हरकत आहे का. हे शेवटचं तर नक्कीच विचारा, आमचा पहिला वाद ह्यावरूनच झाला आणि दोन घरं वर्षभर आमच्याशी बोलली नाहीत, एवढ्याशा वाडीत ते फार लागतं हो.

जुलै लाईटसाठी. झाड पडलं, तार तुटली की दोन दोन दिवस अंधार, पंप बंद, आणि टॉवरची बॅटरी संपली की रेंजही गेली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या कितीतरी गावांत कित्येक आठवडे लाईट नव्हती. वर्क फ्रॉम होमवर घर चालणार असेल तर इन्व्हर्टर, दोन वेगळ्या कंपन्यांची सिम आणि जवळच्या शहरात बसायला एखादी जागा हे आधी बघा, मग बॉसला सांगा.

घरात म्हातारं माणूस असेल तर रात्री दोन वाजता हॉस्पिटल किती लांब आहे ते स्वतः गाडी चालवून बघा. १०८ ला फोन लागतो पण घाटरस्त्याने गाडी पोचायला वेळ लागतो. सापाची लस कुठल्या दवाखान्यात असते तेही विचारून ठेवा, आपल्याकडे दगडाखाली, पाचोळ्यात फुरसं असतं आणि ते चावलं तर कापाकापी न करता, घट्ट न बांधता, हातपाय न हलवता सरळ दवाखाना गाठायचा.

कागदांचं तर आजच सुरू करा. सातबारावर पणजोबांची नावं आणि खाली वीस-पंचवीस वारस, त्यातले काही कुठे आहेत तेच माहीत नाही, अशात घर दुरुस्तीला कर्जसुद्धा मिळत नाही. आधी वारस नोंद लावून घ्या, फेरफार (जमिनीच्या मालकीत झालेल्या बदलांची नोंद) बघा, घरपट्टी कोणाच्या नावावर आहे ते बघा. नवीन शेतजमीन घेणार असाल तर महाराष्ट्रात ती शेतकऱ्यालाच घेता येते, बयाणा देण्याआधी आपण त्यात बसतो का हे तपासा.

वानर, डुक्कर पिकांची कशी नासाडी करतात ते ऐकलंच असेल, भाजीपाला पिकवून खर्च भागेल हे गणित धरू नका.

आणि शहरातला फ्लॅट लगेच विकू नका प्लीज, ११ महिन्यांच्या करारावर भाड्याने द्या, निदान दोन पावसाळे जाऊ देत. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने विकला, आता मुलीच्या कॉलेजसाठी परत यायचंय तर तेवढ्या पैशात त्याच एरियात वन आरके पण मिळत नाहीये.