निबंध लिहिताना: आधी मुद्दा, मग वाक्य, शेवटी ऱ्हस्व-दीर्घ

निबंध बहुतेक वेळा फसतो तो लिहिणाऱ्याला नेमके काय म्हणायचे आहे हे ठरलेले नसते म्हणून. तरीही दुरुस्तीला बसले की आपण आधी वेलांट्या तपासतो. हा क्रम उलटा आहे. घासूनपुसून घेतलेले वाक्य खोडायला जीव होत नाही आणि मग नको असलेला अख्खा परिच्छेद तसाच राहून जातो. म्हणून काम वरून खाली करा: मुद्दा, परिच्छेद, वाक्य आणि सगळ्यात शेवटी शब्द.

मुद्दा ठरवणे

'वाचनाची सवय' हा विषय झाला. 'वाचनाचे महत्त्व अनन्यसाधारण आहे' हाही मुद्दा होत नाही, कारण याच्या विरुद्ध कोणीच बोलणार नाही. 'पुस्तक स्वतः निवडू दिले तरच मुलांना वाचनाची सवय लागते' हा मुद्दा आहे. तो काहींना पटणार नाही, कोणी कारणे विचारील. लिहायला घेण्याआधी असे एक वाक्य कागदावर उतरवा आणि त्याला 'कशावरून?' असे विचारा. तीन वेगवेगळी उत्तरे सुचली, तर तीन परिच्छेद हातात आले. एकच उत्तर तीन प्रकारे सुचत असेल, तर अजून वाचन किंवा विचार हवा आहे.

५०० शब्दांच्या निबंधात प्रस्तावनेला ६०-७० शब्द, मधल्या तीन परिच्छेदांना प्रत्येकी सव्वाशेच्या आसपास आणि समारोपाला ५०-६० शब्द पुरतात. प्रस्तावना लांबली की मधला भाग उपाशी राहतो. 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' किंवा 'मानव हा समाजशील प्राणी आहे' अशी सुरुवात कोणत्याही निबंधाला चिकटवता येते, म्हणूनच ती खोडावी. कच्च्या खर्ड्यातली पहिली दोन वाक्ये झाकून तिसऱ्यापासून वाचून पाहा. खरी सुरुवात अनेकदा तिथेच असते. समारोपात नवा मुद्दा नको आणि प्रस्तावनेची पुनरुक्तीही नको. मुद्दा मान्य केला, तर पुढे काय करावे लागेल, तेवढे सांगा.

परिच्छेद

हा कच्चा परिच्छेद पाहा:

'मुलांना आवडीचे पुस्तक निवडू द्यावे. वाचनाने शब्दसंग्रह वाढतो. ग्रंथालये ओस पडत आहेत. मोबाइलचा वापरही वाढला आहे.'

वाक्ये चार आणि विषयही चार. 'तसेच', 'शिवाय' पेरून हे जुळत नाही. पहिले वाक्य धरून ठेवायचे आणि बाकीच्यांनी त्यालाच पुढे न्यायचे:

'मुलांना आवडीचे पुस्तक निवडू द्यावे. स्वतः निवडलेले पुस्तक मूल सहसा अर्धवट टाकत नाही, कारण त्या निवडीत त्याचे मन गुंतलेले असते. न आवडलेले पुस्तक मिटून दुसरे घेण्याची मुभाही हवी. नाही तर निवड नावापुरतीच उरते.'

इथे विधान, कारण आणि अट अशी साखळी तयार झाली. जोडशब्द वापराच, पण अर्थ पाहून: 'त्यामुळे' लिहिले, तर मागे कारण असलेच पाहिजे आणि 'म्हणजेच' लिहिले, तर पुढे तीच गोष्ट अधिक स्पष्ट झाली पाहिजे.

खर्डा झाला की प्रत्येक परिच्छेदाचा आशय समासात एका वाक्यात लिहा. दोन परिच्छेदांचे वाक्य एकच आले, तर ते एकत्र करा. एखाद्याचा आशय एका वाक्यात मावत नसेल, तर तो परिच्छेद तोडा.

वाक्य

मराठीत क्रियापद सहसा शेवटी येते, त्यामुळे ते येईपर्यंत वाचकाला सगळे डोक्यात धरून ठेवावे लागते. वाक्य २०-२५ शब्दांपुढे गेले की मोठ्याने वाचा. अडखळलात तर तोडा.

विशेषण आणि काळ दाखवणारा शब्द ज्याच्याशी संबंधित, त्याच्याजवळच ठेवा. 'त्याने काल आलेल्या पत्राबद्दल विचारले' यात काल पत्र आले की काल विचारले? पत्र काल आले असेल, तर 'काल आलेल्या पत्राबद्दल त्याने विचारले'. विचारणे काल घडले असेल, तर 'आलेल्या पत्राबद्दल त्याने काल विचारले'. एक शब्द हलला आणि शंका मिटली.

कर्त्याला 'ने' लागला की क्रियापद कर्माप्रमाणे बदलते: तिने पत्र लिहिले, तिने चिठ्ठी लिहिली. कर्मालाही 'ला' किंवा 'ना' लागला, तर ते कोणाशीच जुळत नाही: तिने मुलांना बोलावले. छोट्या वाक्यात सहसा कोणी चुकत नाही. चूक होते ती कर्म आणि क्रियापद लांब गेल्यावर: 'लेखकाने आपली भूमिका तीन उदाहरणांच्या आधारे स्पष्ट केले.' भूमिका केली जाते, म्हणून 'केली'.

'त्याची मदत केली' ही हिंदीची सावली. मराठीत 'त्याला मदत केली'. 'लेखकाद्वारे मांडलेले मत' ऐवजी 'लेखकाने मांडलेले मत' लिहा. निबंधभर 'असे केले' हे रूप ठेवा. 'असं केलं' संवादात शोभते. दोन्हींची सरमिसळ लगेच खटकते.

शुद्धलेखन

मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली मान्य केले आणि १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडली. रोजच्या लिखाणात त्यांतले मोजकेच सतत लागतात.

शब्दाच्या शेवटची वेलांटी आणि उकार दीर्घ: कवी, गुरू, मंत्री. आणि, नि, परंतु, तथापि हे अपवाद. संस्कृतात मुळात ऱ्हस्व शेवटाचा किंवा 'मंत्रिन्' सारखा 'इन्' शेवटाचा शब्द समासात पहिला आला की तो शेवट ऱ्हस्व होतो: कविसंमेलन, गुरुदक्षिणा, मंत्रिमंडळ.

शेवटचे अक्षर अकारान्त असेल, तर त्याआधीची इ-उ दीर्घ: गरीब, फूल. प्रत्यय लागला की तीच ऱ्हस्व: गरिबाला, फुलाला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला जुमानत नाहीत: गुण आणि विष ऱ्हस्वच, शरीराला दीर्घच.

अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार हवाच: मुलांनी, लोकांना. आदरार्थीही तसेच, म्हणून 'मुख्याध्यापकांनी'. 'लेखकाचे' आणि 'लेखकांचे' यांत एका टिंबाने माणसांची संख्या किंवा आदर बदलतो. उच्चारात नसलेला जुना अनुस्वार मात्र देऊ नका: नाही, काही, जेव्हा.

महत्त्व आणि तत्त्व यांत त दोनदा, कारण मूळ महत् + त्व, तत् + त्व. नेतृत्व, मातृत्व यांत तो एकदाच. शब्दयोगी अव्यय जोडून लिहा: घराबाहेर, माझ्यासाठी. विरामचिन्हाआधी जागा सोडू नका, नंतर सोडा.

टंकलेखनात दोन गोष्टी हमखास चुकतात. 'स्वतः' मध्ये विसर्ग हवा, अपूर्णविराम नव्हे. दिसायला दोन्ही सारखे असले तरी शब्द शोधताना सापडत नाही. दुसरे म्हणजे 'दुसऱ्या' मधला ऱ्या. तो 'र्या' करू नका: 'आचार्यांना' म्हणजे गुरुजनांना, 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना.

संगणकाची तपासणी 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक पकडेलच असे नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. म्हणून शेवटची फेरी डोळ्यांनीच करा आणि शेवटच्या वाक्यापासून पहिल्याकडे या. सरळ वाचताना अर्थ पुढे ओढत नेतो आणि चूक नजरेआड होते. उलट वाचताना प्रत्येक शब्दावर थांबावे लागते.