बागेतील रोपे कोण खाते? ओळख पटवताना या चुका टाळा

सकाळी बागेत जावे आणि जपून वाढवलेली रोपे खुडलेली दिसावीत, यासारखे दुःख नाही. त्या दुःखाच्या भरात आदल्या दिवशी कुंपणाजवळ दिसलेल्या प्राण्यावर खापर फोडले जाते. नासधूस करणारे बहुतेक वन्य प्राणी रात्री येतात, त्यामुळे दिवसा नजरेस पडलेला प्राणी अनेकदा निर्दोष असतो. उदाहरणार्थ, वाफ्यात छोटे खड्डे उकरणारे मुंगूस मातीतील किडे आणि अळ्या शोधत असते; रोपाला धक्का लागला तरी रोप हे त्याचे खाद्य नव्हे.

दुसरी चूक म्हणजे तुटलेले टोक न पाहताच उपाय सुरू करणे. माझ्या मते सर्वांत भरवशाचा पुरावा तोच आहे. सशाला वर आणि खाली दोन्हीकडे धारदार पटाशीचे दात असल्यामुळे त्याने खाल्लेली फांदी चाकूने तिरपी कापल्यासारखी स्वच्छ दिसते, आणि असे काप सहसा जमिनीपासून सुमारे ६० सेंटीमीटरपर्यंतच आढळतात. हरणाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते पाला खालच्या दातांनी आणि वरच्या टणक हिरडीत धरून ओढते, म्हणून टोक फाटलेले, तंतू लोंबणारे राहते. मात्र शेळी आणि गाय यांच्या तोंडाची रचनाही अशीच असल्याने, फाटलेले टोक दिसताच हरीण ठरवून मोकळे होऊ नये. आधी मोकाट जनावर आत शिरले नव्हते ना, याची खात्री करावी. हे टोक ताजे असतानाच पाहावे, कारण ते वाळल्यावर फरक कळत नाही.

जमिनीलगत कापून आडवे पडलेले कोवळे रोप पाहून सशाला दोष देणे ही फारच सर्रास होणारी चूक आहे. ससा कापलेला भाग बहुधा खाऊन टाकतो. रोप तसेच पडून असेल, तर बुंध्याजवळची माती बोटभर उकरावी, तेथे वेटोळे करून बसलेली कुरतडणारी अळी सापडण्याची शक्यता मोठी असते. पानांना वेडीवाकडी भोके आणि त्यांवर चकाकणारा चिकट माग दिसला, तर ते काम गोगलगाईचे.

बुंध्याच्या सालीवर बारीक समांतर चरे असतील तर उंदीर किंवा घूस, चरे रुंद असून जवळ काटा पडलेला असेल तर साळिंदर, आणि वाफाच नांगरल्यासारखा उलथला असेल तर रानडुक्कर, असा सर्वसाधारण ताळा धरता येतो.

आणखी एक चूक हातून नकळत होते: पाहणी करण्यापूर्वीच झाडांना पाणी घातले जाते आणि पावलांचे ठसे पुसले जातात. संध्याकाळी रोपांभोवतीची माती सपाट करून तिच्यावर बारीक वाळूचा पातळ थर द्यावा आणि सकाळी पाणी देण्याआधी ठसे पाहावेत. ठशाशेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घेतल्यास आकाराचा अंदाज चुकत नाही. लेंड्यांचा आकारही उपयोगी पडतो, सशाच्या गोल आणि उंदराच्या लांबट असतात. पण त्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये, कारण त्यांतून रोगजंतू पसरू शकतात.

एकाच रात्रीच्या खुणांवरून कुंपणाचा खर्च करू नये. सशाला अडवणारी बुटकी जाळी हरीण सहज ओलांडते, आणि घूस तर तिच्याखालून बीळ काढते. म्हणून सलग तीन-चार सकाळी तेच ठसे आणि तोच काप आढळला, तरच जाळीची उंची आणि ती जमिनीत किती खोल पुरायची हे ठरवावे.