कादंबरी मध्येच अडकलीये? या चुका टाळा

पहिली पन्नास-साठ पानं झरझर होतात आणि मग गाडी अडते, हे जवळजवळ सगळ्यांचंच होतं. मग लोक काय करतात तर एखादा अपघात घालतात, नाहीतर कॉलेजची मैत्रीण अचानक उगवते. नका करू असं. घोळ बहुतेक वेळा खूप मागे झालेला असतो, विसाव्या पानाच्या आसपास जाऊन बघा की मुख्य पात्राला नेमकं हवंय काय आणि त्याला आडवं कोण येतंय, हे तुम्हालाच सांगता येत नसेल तर पुढं कितीही घटना कोंबा, काही फरक पडत नाही.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक मात्र संवादांची. पात्रं एकमेकांशी बोलतच नाहीत, वाचकाला माहिती पुरवत बसतात. समजा दोन भाऊ आहेत. "दादा, तुला माहितीच आहे, बाबांना जाऊन दहा वर्षं झाली आणि आपली चार एकर जमीन अजून काकांच्या नावावर आहे." अरे दादाला माहितीये ना, मग सांगतोयस कशाला! तेच असं करून बघा:

"सातबारा काढलास?"
"काढला."
"मग?"
"काकाच."
"आईला सांगितलंस?"
"तू सांग."

जमीन आली, काका आले, आणि आईसमोर जायची दोघांचीही हिंमत नाही हे फुकटात आलं. दहा वर्षं राहिली तर राहू देत, येतील पुढं कुठंतरी.

बोलीचा पण असाच घोळ. गावाकडचं पात्र म्हटलं की 'काहून', 'मले', 'लई', 'न्हाय' सगळं एकाच तोंडात, म्हणजे अर्धा माणूस अमरावतीचा आणि अर्धा कोल्हापूरचा. उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) काढून बघा, संवाद वऱ्हाडी पण निवेदन प्रमाण मराठीत, त्यामुळे वऱ्हाडी कानावरून न गेलेला वाचकसुद्धा तिच्यातल्या नायिकेच्या, कौतिकच्या मागे मागे जात राहतो. निवेदनही बोलीत चालतं, नाही असं नाही, पण त्यासाठी त्या बोलीत तुम्ही स्वतः कडकडून भांडलेले असायला हवं.

आणि गोष्ट 'मी' सांगत असेल तर 'मी खोलीबाहेर पडलो आणि आत सुमनला रडू फुटलं' हे त्याला कुठून दिसलं? 'बनगरवाडी'त (१९५५) व्यंकटेश माडगूळकरांनी धनगरांच्या वाडीवर नव्यानं आलेल्या तरुण मास्तराला सांगायला बसवलंय, तो बाहेरचा आहे, म्हणून वाडी त्याला जशी हळूहळू कळत जाते तशीच आपल्याला. तुमचा 'मी' सारखा दुसऱ्यांच्या मनात डोकावत असेल तर त्याला सरळ बाजूला करा आणि तोच प्रसंग दोन-तीन पानं सुमनकडून लिहून बघा, कदाचित गोष्ट तिचीच असेल.